चणे आहेत, दातही मिळतील. पण हाडाचे काय?

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी दैवाच्या विसंगतीवर बोट ठेवण्यासाठी योजिली. ज्या काळी ती रूढ झाली त्या काळी गेलेला दात हा गेलेल्या तारुण्यासारखाच परत न येणारा होता. आज तशी स्थिती राहिलेली नाही. आमच्या वडोदऱ्यात रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत कोणत्याही रस्त्याने गेले, तरी पक्के दात बसवून देण्याचे आश्वासन देणाऱ्या दोन-चार पाट्या नजरेस पडतातच. मुले मार्गी लागली, निवृत्तीनंतर हाती चार पैसे आले, की चण्यांची सोय होते. आता दातांचीही होऊ शकते. म्हणीतील विसंगती विज्ञानाने मिटवली, असेच कोणास वाटेल. परंतु चणे आणि दात यांखेरीज या व्यवहारात एक तिसरी गोष्ट आहे आणि तिचा उल्लेख त्या पाट्यांवर सहसा नसतो. ती म्हणजे जबड्याचे हाड. त्या हाडाविषयी चार शब्द लिहावेत असे वाटण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला.

आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू, ज्यांना घरात सर्वजण अण्णा म्हणतात, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्या मानेला गाठ आली. तपासणीअंती तो लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे डॉक्टर ज्याला लिम्फोमा म्हणतात तो, असल्याचे निष्पन्न झाले. दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे कीमोथेरपीच्या सहा फेऱ्या झाल्या. केस गेले, जिभेची चव गेली, तोंड फोडांनी भरले. पण रोग ओसरला. देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या विद्येने अण्णा पुन्हा सायंकाळी सुरसागराभोवती फेरी मारू लागले. मात्र या साऱ्या धामधुमीत खालच्या दाढा एकेक करून हलल्या, त्यांतल्या चार काढाव्या लागल्या आणि भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून खाण्याची वेळ आली. घरात सर्वांचा एकच निष्कर्ष होता : “त्या जहाल औषधाने दात खाल्ले.”

अण्णांना इम्प्लांट बसवून घ्यायचे होते. दांडिया बाजारात एका दंतवैद्य बाईंचा दवाखाना आहे. त्या आमच्याच विद्यार्थिनी. इयत्ता आठवीत त्यांना आम्ही मराठी शिकवले होते. अण्णा, आमच्या वहिनी आणि आम्ही असे तिघे तेथे गेलो. बाईंनी तोंड तपासले, क्ष-किरण चित्र घेतले आणि विचारले, “काका, कीमो संपून किती दिवस झाले?”

“दोन वर्षं होतील आता.”

“आणि तंबाखू?”

अण्णा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहू लागले. उत्तर वहिनींनी दिले. “ती कुठे संपलीय! दवाखान्यात होते तेवढे दिवस बंद होती. घरी आल्यावर महिन्याभरात पुन्हा चुन्याची डबी खिशात आली.”

बाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, “सर, तुम्हीच सांगा. जे औषध दोन वर्षांपूर्वी बंद झालं त्याच्यावर सगळे रागावलेत, आणि जी पुडी या क्षणी खिशात आहे तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. हाडाला विचारलं तर ते कुणाची तक्रार करील?”

प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पुढील कित्येक आठवडे आम्ही त्या बाईंना, अण्णांच्या कर्करोगतज्ज्ञांना आणि ग्रंथालयाला त्रास दिला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

धातूला आपलेसे करणारे हाड

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे. ते दाताचे कृत्रिम मूळ होय. टायटॅनियम या धातूचा, सुमारे चार मिलिमीटर जाडीचा आणि दहा-बारा मिलिमीटर लांबीचा एक स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात आणि काही महिन्यांनी त्याच्यावर दात चढवतात. हे काही महिने कशासाठी, हे समजले म्हणजे पुढचे सारे समजते.

स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क हे शास्त्रज्ञ १९५२ साली लुंड येथे हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक लहानशी कुपी बसवून तीतून ते सूक्ष्मदर्शकाने पाहत. प्रयोग संपल्यावर ती कुपी काढू लागले तर निघेना. हाड धातूला असे चिकटले होते की दोघांत फट म्हणून राहिली नव्हती. परक्या वस्तूला शरीर बाहेर ढकलते, हा तोवरचा अनुभव. येथे शरीराने परक्याला घरात घेतले होते. पुढे १९६५ साली योस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात असे पहिले रोपण झाले. जन्मतःच त्यांचा जबडा सदोष होता आणि दात नव्हते. २००६ साली ते निवर्तले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या धातूच्या मुळांनी त्यांची सेवा केली.

हे कसे घडते? हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्यात दोन प्रकारचे कामकरी अहोरात्र राबत असतात. एक जुने हाड पोखरून काढणारे, दुसरे नवे हाड रचणारे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दशांश भाग दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. स्क्रू बसवल्यावर आजूबाजूचे थोडे हाड आधी झिजते, मग रचणाऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या मार्गाने तेथे पोहोचतात आणि धातूच्या पृष्ठभागाला लागून नवे हाड घालतात. खालच्या जबड्यात यास साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्याचे हाड अधिक सच्छिद्र असल्याने तेथे सहा महिनेही लागू शकतात. नववधूला सासर आपले वाटावयास जसा काळ जावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. त्या काळात तिला कोणी छळले, तर नाते जुळत नाही.

नाते जुळल्यावरही हाड थोडे झिजतेच. पहिल्या वर्षी एक ते दीड मिलिमीटर आणि नंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी, एवढी झीज दंतवैद्य गृहीत धरतात. दहा मिलिमीटरच्या मुळाला ती सोसवते. ती याहून वाढू लागली, की पाया खचू लागला असे समजावे.

सारांश, हाडाला तीन गोष्टी हव्यात : रक्ताचा पुरवठा, रचणाऱ्या पेशी आणि रोगजंतूंपासून संरक्षण. आता कीमोथेरपी आणि तंबाखू या दोन्हींना याच कसोटीवर घासून पाहू.

औषधाचा दोष किती?

कीमोथेरपीचा जन्म युद्धातील विषातून झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड वायूच्या जातीचे एक रसायन १९४२ साली अमेरिकेतील येल येथे लिम्फोमाच्याच एका रुग्णाला प्रथम देण्यात आले आणि त्याच्या गाठी काही काळ विरघळल्या. त्यानंतर १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे संशोधनप्रमुख होते आपल्या आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज जगभर वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचे भावंड. एका भारतीयाच्या बुद्धीचे हे ऋण किती घरांवर आहे, याची गणना नाही.

या औषधांचा स्वभाव असा, की ज्या पेशी वेगाने विभागतात त्यांच्यावर ती तुटून पडतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळे, तोंडाचे अस्तर आणि अस्थिमज्जेतील रक्तपेशीही तशाच असतात. म्हणून केस जातात, तोंड येते आणि औषध दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळ गाठतात. त्या दिवसांत तोंडातला किरकोळ संसर्गही जिवावर बेतू शकतो. हाड रचणाऱ्या पेशीही मंदावतात. अण्णांना दिलेल्या औषधांत, जशी ती या रोगात बहुधा दिली जातात, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही होते. त्याने हाडाची घनता घटते. तेव्हा औषध निर्दोष आहे असे कोणी म्हणू नये. उपचार चालू असताना नवे इम्प्लांट बसवू नये, हा नियम याचसाठी आहे.

पण या दोषाला सीमा आहे. औषधे थांबली, की पांढऱ्या पेशी पुन्हा वाढतात, तोंडाचे अस्तर भरून येते, डोक्यावर केस उगवतात, आणि हाडाचे कामकरीही हळूहळू कामावर रुजू होतात. जर्मनीत तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवलेल्यांपैकी काहींनी कीमोथेरपी घेतली होती, काहींनी नव्हती. इम्प्लांट टिकण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास लहान होता, हे खरे. परंतु ‘एकदा कीमो झाली की दात बसणारच नाहीत’ ही जी भीती घरोघर दिसते, तिला तो पुष्टी देत नाही.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना अवश्य लक्षात ठेवाव्यात. कर्करोगाच्या उपचारांत कीमोथेरपीच्या नावाखाली आपण सगळेच एकत्र करतो. तसे करू नये. रोग हाडांपर्यंत पोहोचला असेल तर हाडे बळकट करण्यासाठी झोलेड्रॉनिक आम्ल आणि तत्सम इंजेक्शने देतात. ती हाडात वर्षानुवर्षे राहतात आणि अशा रुग्णाचा दात काढल्यावर किंवा जबड्यात शस्त्रक्रिया केल्यावर ते हाड उघडे पडून मरू शकते. हा धोका २००३ साली प्रथम ठळकपणे वैद्यकविश्वापुढे आला. दुसरी गोष्ट, जबड्यावर दिलेली किरणे. त्यांनी हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या कायमच्या आखडतात आणि तो परिणाम वर्षे गेली तरी ओसरत नाही. म्हणून दंतवैद्याकडे जाताना उपचारांचे सर्व कागद, विशेषतः इंजेक्शनांची नावे आणि किरणांची जागा, सोबत न्यावी. आणि ज्यांचे उपचार अजून सुरू व्हायचे आहेत त्यांनी आधी दंतवैद्याला भेटावे. जे दात काढायचेच आहेत ते शक्य तर दहा-चौदा दिवस आधी काढून घ्यावेत, म्हणजे जखम भरून येते. अण्णांच्या वेळी ही गोष्ट आम्हां कोणाला सुचली नाही. ती चुटपुट आजही आहे.

अण्णांना ती हाडांची इंजेक्शने दिली गेली नव्हती आणि जबड्यावर किरणेही दिली नव्हती. औषध बंद होऊन दोन वर्षे झाली होती. मग क्ष-किरण चित्रात उरलेल्या दातांभोवतीचेही हाड खचलेले का दिसावे?

चरोतरचे पान, विजापूरची भेट

वडोदऱ्याहून अहमदाबादकडे निघाले आणि महीचा पूल ओलांडला, की चरोतर लागते. आणंद आणि खेडा जिल्ह्यांची ही सुपीक जमीन. शेते पाहून डोळे निवतात; त्यांतली पुष्कळशी तंबाखूची असतात. आणंदच्या कृषी विद्यापीठात विडीच्या तंबाखूचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. गुजरातेत हे पीक काढणाऱ्या मजुरांना एक विचित्र आजार होतो. ओली, हिरवी पाने तोडता-वाहताना त्यांना मळमळते, वांत्या होतात, चक्कर येते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे. कारण साधे आहे : पानातील निकोटिन नुसत्या ओल्या त्वचेतून शरीरात शिरते. जे हाताच्या जाड कातडीतून शिरते, ते गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून किती सहज शिरत असेल! त्यातून आपण चुना मळतो. चुन्याने तंबाखूची आम्लता जाते आणि निकोटिन अस्तरातून अधिक वेगाने रक्तात उतरते. ज्याने चुना मळण्याची युक्ती काढली त्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण परिणाम त्याने अचूक हेरला होता.

रक्तात उतरलेले निकोटिन सूक्ष्म रक्तवाहिन्या आखडवते, म्हणजे हाडाची पहिली गरज हिरावते. हाड रचणाऱ्या पेशींची वाढ आणि काम मंदावते, म्हणजे दुसरी गरज जाते. तंबाखूने रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही दुबळ्या होतात, म्हणजे तिसरीही गेली. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत यात कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. तो वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. कीमोथेरपीने ज्या तीन गोष्टींना काही महिने धक्का दिला, त्याच तीन गोष्टींना तंबाखू रोज, दिवसातून दहा वेळा धक्का देते. कीमोच्या दोन फेऱ्यांमध्ये शरीराला तीन आठवड्यांची उसंत तरी मिळते. तंबाखूच्या दोन चिमटींमध्ये ती कोठून मिळणार?

बेन आणि मॉय या दोन दंतशास्त्रज्ञांनी ५४० रुग्णांना बसवलेल्या २,१९४ इम्प्लांटांचा हिशेब १९९३ साली प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्यांत शेकडा ४.७६ इम्प्लांट निकामी झाले. करणाऱ्यांत शेकडा ११.२८. म्हणजे दुपटीहून अधिक. हा आकडा आम्ही अण्णांना वाचून दाखवला, तेव्हा ते लगेच म्हणाले, “मास्तर, मी ओढत नाही, नुसती मळतो.” युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता, तो हिशेब ओढणाऱ्यांचाच आहे. म्हणून तो प्रश्न आम्ही बाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, “सर, धुराचं निकोटिन झटकन चढतं आणि उतरतं. गालात ठेवलेल्या तंबाखूचं हळू चढतं, पण बराच वेळ टिकून राहतं. आणि काका ज्या कोपऱ्यात गोळी ठेवतात, बरोबर तिथलीच हिरडी खाली गेलीय. बघा.” त्यांनी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले. डाव्या बाजूचे हाड उजव्यापेक्षा स्पष्टपणे खचलेले होते. कीमोथेरपीचे औषध रक्तातून सर्वत्र जाते. ते डावे-उजवे करीत नाही. डावे-उजवे करणारा हात अण्णांचाच होता.

गुजरातेत तरुण पोरे सुपारी, चुना आणि तंबाखू प्लास्टिकच्या कागदात घोळून मावा खातात. त्यांच्या वाट्याला आणखी एक संकट येते. सुपारीने गालांचे अस्तर आतून ताठरते आणि तोंड उघडेनासे होते. ज्या तोंडात दोन बोटे शिरत नाहीत त्यात शस्त्रक्रियेची अवजारे कशी शिरावीत?

ही वनस्पती आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला. तेथे त्याला तंबाखू मिळाली आणि रत्नजडित हुक्क्यासह ती त्याने बादशहाला नजर केली. दरबारच्या हकिमाने तेव्हाच, अनुभव नसलेली वस्तू घेऊ नये, असे बजावले होते. १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. बंदी कागदावर राहिली, तंबाखू घराघरांत शिरली. उत्तरेला ही भेट दख्खनने दिली, एवढे आपण मराठी माणसांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

आणि आपल्या मराठी घरांत ती शिरली ती मशेरीच्या रूपाने. आमच्या आजी पहाटे चुलीवर तव्यात तंबाखू भाजीत आणि तिची पूड डबीत भरून ठेवीत. त्या वासाने आम्हां मुलांना ठसका लागे. ‘हिने हिरड्या घट्ट होतात, रक्त येत नाही’ असे त्या सांगत. रक्त येत नसे, हे खरेच होते. आणि तेथेच खरा घात होता. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, हे आता सिद्ध आहे. हिरडीचा रोग कळण्याची पहिली खूण म्हणजे रक्त. ती खूणच पुसली जाते आणि आतल्या आत हाड झिजत राहते. चोर घरात आणि राखणदाराच्या तोंडाला कुलूप! मशेरीच्या त्या भरवशाकडे आज मागे वळून पाहताना हेच मनात येते. पन्नाशी गाठण्यापूर्वीच आजींच्या तोंडात समोरचे दोन दात उरले होते. आम्ही ते वार्धक्याचे लक्षण समजलो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली आणि तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध केला. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे यांचे नाते अशा पाहण्यांनीच उजेडात आणले. तरीही तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर देशात बंदी येण्यास १९९२ साल उजाडले. २०१२ साली महाराष्ट्राने आणि गुजरातने गुटख्यावर बंदी घातली. पण घरच्या डबीवर कोणता कायदा बंदी घालणार?

प्रश्न आमच्याकडे वळतो

दवाखान्यातील त्या पहिल्या भेटीत बाईंनी अण्णांना अट घातली होती : तंबाखू पूर्ण बंद करा, तीन महिन्यांनी या, मग पाहू. अण्णा रागावले. “एवढं मोठं दुखणं काढलं, आता आयुष्यात राहिलंय काय? ही एवढी एक चीज आहे.” त्या वाक्यातील वेदना खोटी नव्हती. ज्याने मृत्यू जवळून पाहिला आहे त्याला ‘हे सोड, ते सोड’ म्हणणे सोपे असते. त्याच्या जागी बसून ते ऐकणे सोपे नसते.

बाई शांतपणे म्हणाल्या, “काका, कीमो तुम्ही मागितली नव्हती. ती सोसलीत, कारण इलाज नव्हता, आणि तिने तुमचा जीव वाचवला. ही पुडी काय वाचवतेय?” आणि मग काही ध्यानीमनी नसताना त्यांनी आमच्याकडे पाहिले. “सर, काकांना एकट्याने सोडवणार नाही. तुम्ही सोबत सोडा.”

आमचा चेहरा कसा झाला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. रात्री जेवणानंतर जर्दा घातलेले एक पान खाण्याची आमची तीस वर्षांची सवय. शाळेत कधीही नाही, विद्यार्थ्यांसमोर कधीही नाही, हा आमचा अभिमान. शाळेच्या फाटकावर शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई असल्याचा फलक आम्ही स्वतः उभे राहून लावून घेतला आहे. कोपऱ्यावरचा पानाचा गल्ला हलवावा म्हणून अर्जही केले आहेत. आणि रात्री त्याच गल्ल्यावरून शंभर यार्डांचे अंतर राखून आम्ही पान आणवीत होतो! आठवीतल्या मुलीला हे कसे कळले असावे? आमचे दात तिने बोलताना पाहिले असतील. दंतवैद्याला आणखी पुरावा कशाला हवा?

त्या रात्रीपासून पान बंद झाले. हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. पहिला आठवडा सोपा नव्हता. डोके जड होई, वर्गात विनाकारण आवाज चढे. सौभाग्यवतींनी बडीशेप आणि भाजलेल्या ओव्याची डबी हाताशी ठेवली. अण्णांची लढाई आमच्याहून मोठी होती. दोनदा त्यांनी शब्द मोडला. दुसऱ्यांदा मोडल्यावर स्वतःच घरी येऊन बसले आणि म्हणाले, “मास्तर, कीमोच्या वेळी सुई टोचायला दुसरं कोणी असायचं. इथे सुई माझ्याच हातात आहे. म्हणून अवघड जातंय.” केंद्र शासनाची तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, तिचा क्रमांक १८००-११-२३५६. अण्णांच्या मुलाने तो लावून दिला. तिकडच्या समुपदेशकाशी अण्णा पहिल्यांदा कुरकुरत बोलले, पुढे वाट पाहून बोलू लागले.

चार महिन्यांनंतर बाईंनी पुन्हा तपासले. गेलेले हाड परत आले नव्हते. खचलेले हाड असे आपोआप भरून येत नसते. पण हिरड्यांचा रंग पालटला होता आणि एक-दोन ठिकाणी ब्रश करताना रक्त येऊ लागले होते. अण्णा घाबरले. बाई हसल्या. “घाबरू नका. राखणदार जागा झालाय.” मग हिरड्यांचे उपचार झाले, कर्करोगतज्ज्ञांची लेखी संमती आणली आणि उजव्या बाजूला, जेथे हाड पुरेसे होते, दोन इम्प्लांट बसवले. डाव्या बाजूस हाड अपुरे आहे. तेथे काढता-घालता येणारी कवळीच वापरावी लागेल. तंबाखूने जेथे मुक्काम केला होता तेथे तिने आपली खूण कायमची ठेवली.

हे लिहीत असताना त्या दोन मुळांना अडीच महिने झाले आहेत. हाडाने त्यांना स्वीकारले की नाही, ते पुढच्या महिन्यात कळेल. बाई आश्वासन देत नाहीत. आम्हीही देणार नाही. पण अण्णांनी आपल्या बाजूची अट पाळली आहे.

परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपण मंडळींना मूळ धरणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. आपले पूर्वज गायकवाडांच्या पाठोपाठ या भूमीत आले. या भूमीने त्यांना सामावून घेतले, पण ते एका दिवसात नव्हे आणि एकतर्फीही नव्हे. जबड्याच्या हाडाचीही रीत तीच आहे. ते परक्या धातूलासुद्धा आपले म्हणावयास तयार असते. रोगावरच्या जहाल औषधाचा घाव सोसूनही, वेळ दिल्यास, पुन्हा उभे राहते. त्याला सोसत नाही ते एवढेच, की ज्याचे ते हाड, त्यानेच रोज आपल्या हाताने त्याला विष चारावे.

ज्यांच्या घरी कोणी कीमोथेरपी घेत असेल त्यांनी औषधाला शिव्या देऊ नयेत. त्याची मुदत संपते. मुदत नसलेली ती वस्तू कोणाच्या खिशात, कोणाच्या डबीत, कोणाच्या रात्रीच्या पानात आहे, ते आज संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून पाहावे. शोध घेताना घरातील वडीलधाऱ्यांना आणि, आमच्यासारख्या मास्तरांना, वगळू नये.